वेताळ पुन्हा झाडावर

पत्र असं आहे:

ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईचा, वय २८. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. रात्री नऊला शटर ओढलं की घरी येऊन जेवण करून तासभर लॅपटॉपवर गेम खेळतो. धडाधड गोळ्या मारायचे नाही, गोष्टीचे. आपण ठरवू तशी गोष्ट वळते म्हणतात, तसले. 'द वॉकिंग डेड'चा पहिला सीझन झाला, 'लाइफ इज स्ट्रेंज' झाला. अडचण अशी की मला सरळ पुढं जाताच येत नाही. एक पर्याय निवडून बघतो, मागं येतो, दुसरा बघतो, उरलेला यूट्यूबवर बघतो. गेमला मागं येता येत नसेल तर आधीच सेव्ह फाईलची कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवतो. असं मागंपुढं करता करता लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी काहीही निवडा, व्हायचं तेच होतं. फसवल्यासारखं झालं. निवडीनं खरंच फरक पडतो असे गेम कोणते? लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बायको म्हणते, तुम्ही खेळता का ऑडिट करता? वडील म्हणतात, हे रमीचंच दुसरं रूप. दोघांना काय सांगू?

तुमचं पत्र वाचताना पेनड्राइव्हपाशी आले आणि हसले, राग मानू नका. मूळ प्रत गहाळ होऊ द्यायची नाही हा तुमच्या धंद्याचा पहिला नियम, तो तुम्ही रात्री घरी पण घेऊन आलात. या सवयीला खेळणाऱ्यांत नाव आहे, 'सेव्ह-स्कमिंग'. नाव पडलंय म्हणजे जगभर करणारे पुष्कळ आहेत. बायकोचा प्रश्न मात्र पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. त्याच्याकडं येते.

आधी फसवणुकीचं बघू. 'वॉकिंग डेड'च्या पहिल्याच भागात शेतावरचा प्रसंग तुम्ही दोन्ही बाजूंनी करून पाहिला असणार. ट्रॅक्टरखाली अडकलेला शॉन आणि तो लहानगा डक. शॉनकडं धावा नाहीतर डककडं धावा, शॉन जातोच. तिथंच तुमचा विश्वास उडाला असेल.

पण करणाऱ्यांच्या बाजूनं हिशेब मांडून बघा, हिशेबाचे तुम्ही आहातच. प्रत्येक वेळी दोन वाटा दिल्या आणि एकही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर दहा निवडींनंतर १०२४ वेगवेगळ्या गोष्टी होतात. वीस निवडींनंतर दहा लाखांच्या वर. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी लिहायची, कुणीतरी चितारायची, कलाकारानं प्रत्येकीचे संवाद बोलायचे. आणि खेळणारा त्यातली बघणार एक. टेलटेल कंपनीनं त्या सीझनचे पाच भाग २०१२ साली एप्रिल ते नोव्हेंबर एवढ्या काळात आणले. म्हणून वाट फोडायची, थोडं लांब नेऊन आणायची आणि पुन्हा मूळ रस्त्याला जोडायची. शेतातल्या पायवाटांसारखं. कुठूनही गेलात तरी शेवटी विहिरीवरच.

आता एक जुनी गोष्ट. विक्रम-वेताळ तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्याला उज्जैनचा राजा समजतो, पण अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्यात या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याचं गाव गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. (तेव्हा वेताळावर पहिला हक्क मराठवाड्याचा. मागासलेपणाचं गाऱ्हाणं गाताना एवढं तरी नावावर लावून घेऊ.) राजा प्रेत खांद्यावर टाकून निघतो, आतला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललास, तर मी चाललो. राजा न्याय तोलून उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. असं एकामागून एक कितीतरी वेळा.

राजानं उलट उत्तर दिलं असतं तरी वेताळ झाडावरच जाणार होता. तुमच्या भाषेत, निवडीनं काही फरक पडला नाही. तरी आजीनं आपल्याला त्या गोष्टी सांगितल्या आणि आपण एकेका कोड्यापाशी तिला थांबवून भांडलो, की राजाचं चुकलंच. राजा कसा तोलतो ते बघण्यात सगळी गंमत होती. वेताळ कुठं जातो ते आपल्याला आधीच ठाऊक असायचं.

आणि शेवटच्या कोड्याला राजाला उत्तरच सुचत नाही. तो गप्प चालत राहतो आणि गोष्ट तिथं वळते. वेताळ प्रसन्न होऊन त्या ढोंगी साधूचा डाव सांगून टाकतो. तुमच्या 'वॉकिंग डेड'मध्ये कुणी काही विचारलं की उत्तरांच्या पर्यायांत तीन टिंबांचा एक पर्याय येतो, गप्प राहण्याचा. वेळेची पट्टी आटत जाते आणि समोरचा तुमच्या तोंडाकडं बघत असतो. तुम्ही तो किती वेळा घेतलात? माझा अंदाज, एकदाही नाही. गप्प राहण्याची झेरॉक्स काढून ठेवण्यासारखं काय आहे?

माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत परभणीला माहेरी होते. भाचा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. भाऊबीजेची ओवाळणी झाली, बाकीचे झोपले आणि आम्ही दोघं लाडवाचा डबा मध्ये ठेवून हाच गेम लावून बसलो. पहिल्या भागाच्या शेवटाला औषधाच्या दुकानात ती चालती-फिरती मढी, म्हणजे झोंबी, घुसतात. एकीकडं डग अडकलेला, दुसरीकडं कार्ली, वाचवता येणार एकालाच. मी म्हटलं कार्ली. तिच्याकडं बंदूक आहे, पुढं उपयोगी पडेल. चोख व्यवहार. बटण दाबलं आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. तासाभरानं लाईट आली तेव्हा गेमनं आम्हाला निवडीच्या अलीकडं आणून सोडलं होतं. अंधारात त्या पोरानं काय विचार केला कोण जाणे. म्हणाला, "आत्या, आता डगला वाचवू. बंदूक नाही म्हणून त्याला कुणीच घेत नसंल." डगला घेतलं.

तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबते आणि डगला गोळी लागते. भाचा माझ्याकडं वळून म्हणाला, "मग वाचवला कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं शोधून काढलं की कार्लीला घेतलं असतं तर त्याच जागी ती गेली असती. तुमच्यासारखाच चिडला, दिवसभर लाडू खात चिडला. पण तो आज पुण्याला नोकरी करतो आणि अजूनही फोनवर बोलता बोलता "आपला डग" म्हणतो. यूट्यूबवर पाहिलेल्या कार्लीचं नाव त्याला आठवायला लागतं.

निवडीचा फरक शेवटात शोधू नका असं मला म्हणायचंय. तुमच्या पेनड्राइव्हवर डगही आहे आणि कार्लीही आहे, म्हणून तुमचं दोघांपैकी कुणीच गेलं नाही. ज्याचं काही जात नाही त्याला निवड म्हणायचं कसं? फॉर्ममध्ये 'होय' आणि 'नाही' दोन्ही चौकोनांत टिक केली तर तुम्हीच तो फॉर्म गिऱ्हाइकाला परत करता.

'लाइफ इज स्ट्रेंज'चं तर मला तुम्हाला विचारायचंच आहे. फ्रान्सच्या डोन्टनॉड कंपनीचा २०१५ चा हा गेम, आणि त्यात तुमची सवयच नायिकेच्या हातात दिलेली. मॅक्सला काळ मागं फिरवता येतो. बोललेलं पुसा, पुन्हा बोला. खेळणारा दोन भागांत सोकावतो. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी मॅक्सची वर्गमैत्रीण केट जीव द्यायला गच्चीवर उभी असते तेव्हा मॅक्सची ती ताकद संपते. आता जे बोलाल ते एकदाच. आणि केटला खाली आणायचं तर तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, तुम्ही आधी तिच्याशी कसे वागलात, हे उपयोगी पडतं. तिच्या दारावरच्या पाटीवर कुणी घाण लिहिलं होतं ते पुसलं होतं का? तिचा फोन आला तेव्हा उचलला का, की बसल्या जागी 'नंतर बघू' केलं? तेव्हा या गोष्टी बारीकसारीक वाटल्या होत्या. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा फोन उचलला नव्हता. गच्चीवर माझ्या हाताला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू. तिथं तुम्ही काय केलंत ते पत्रात नाही. तिथंही पेनड्राइव्ह लावला असेल, तर त्या गेममधला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तुम्ही न बघताच पुढं गेलात.

तुमच्या लॅपटॉपवर जे चालणार नाहीत ते झपाट्यानं सांगून टाकते. 'मास इफेक्ट'चे तीन गेम २००७ ते २०१२ मध्ये आले. एका गेममधल्या निवडी सेव्ह फाईलबरोबर पुढच्यात जायच्या. तिसऱ्याच्या शेवटी इतक्या वर्षांच्या निवडी दोन-तीन पर्यायांत गुंडाळल्या म्हणून लोक इतके भडकले की कंपनीला जून २०१२ मध्ये वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. म्हणजे तुमची तक्रार जुनी आणि मानाची आहे. 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' प्रत्येक प्रकरणानंतर वाटांचा अख्खा नकाशा समोर धरतो, न गेलेल्या वाटांच्या रिकाम्या चौकटींसकट. तीन मुख्य पात्रांतलं कुणीही मरू शकतं आणि गोष्ट पुढं चालते. फरक पडतो तो असा. पण तो नकाशा तुमच्या हाती देणं म्हणजे साखरेच्या पेशंटला पेढ्याचा पुडा.

पोलंडचा 'द विचर ३' तुमच्याकडं चालणार नाही म्हणून मोकळेपणी सांगते. त्यात एका टेकडीवर झाडात कोंडलेला एक जीव आहे. त्याला सोडायचं की मारायचं? सोडलं तर दलदलीतली पोरं वाचतात, पण एका गावाचा सत्यानाश होतो. मारलं तर गाव वाचतं, पोरं जातात. एका बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं नशीबही त्यातच अडकलेलं. आणि हे लगेच कळत नाही, बऱ्याच वेळानं कळतं. तोवर तुम्ही दहा ठिकाणी फिरून आलेले असता, मागं येणार म्हटलं तर सगळ्यावर पाणी. करणाऱ्यांनी परिणाम लांब ठेवला की सेव्ह फाईल आपोआप निकामी होते. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा गेम तर फासे डोळ्यांसमोर टाकतो, दान वाईट पडलं की लोक मागं जाऊन पुन्हा टाकतात. मग कंपनीनं त्याच वर्षी 'ऑनर मोड' आणला, अख्ख्या खेळाला एकच सेव्ह. औषध निघालं म्हणजे साथ किती पसरली असेल बघा.

आता तुमच्यासाठी. नावं फार देत नाही, नाहीतर तुम्ही चारही एकदम उतरवून चारही अर्धवट सोडाल.

'पेपर्स, प्लीज' घ्या. लुकास पोप नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं केला, २०१३ साली. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालेल, २०२२ पासून मोबाइलवरही आहे. साल १९८२, अर्स्टोट्झ्का नावाचा एक कल्पित देश, आणि सरकारी नोकरीच्या सोडतीत तुमचं नाव निघून तुम्हाला सीमेवरच्या चौकीत बसवलेलं. समोर रांग. माणूस येतो, खिडकीतून कागद सरकवतो. पासपोर्टवरची तारीख बघा, गाव बघा, शिक्का खरा का बघा, फोटोतलं तोंड आणि समोरचं तोंड ताडून बघा. एका कागदावर नावाचं एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं. हिरवा शिक्का म्हणजे आत, लाल शिक्का म्हणजे परत. रोज सकाळी नवा नियम येतो, कालपर्यंत चालणारा कागद आज चालत नाही.

ओळखीचं वाटलं ना? अहो, तुमचं दुकानच आहे ते. आधारवर 'शेषाबाई' आणि पासबुकावर 'शेशाबाई', म्हणून निराधारच्या पगारासाठी तीन हेलपाटे घातलेली म्हातारी तुमच्या काउंटरला आठवड्यातून एकदा तरी येत असेल. फरक एवढाच की दुकानात नियम तुमच्या हातात नाही, शिक्का साहेबाच्या हातात. तुम्ही "मावशी, वरून रिजेक्ट होतंय" म्हणून मोकळे होता. या गेममध्ये शिक्का तुमच्या हातात येतो.

पाचेक दिवस झाले की एक माणूस येतो. कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागं रांगेत माझी बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. ती येते, तिच्याकडं प्रवेशाचा परवाना नाही. परत गेली तर काय होईल ते तिच्या बोलण्यावरून कळतं. तुम्हाला पगार माणसामागं मिळतो, नीट तपासलेल्या माणसाचे पाच. चुकलात की शेजारचं यंत्र खरखर करत चिठ्ठी ओकतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. आणि रात्री हिशेबाचं पान उघडतं. घरभाडं, जेवण, शेगडी. घरी बायको, मुलगा, सासू, मामा. शेगडीचे पैसे उरले नाहीत तर थंडीनं कुणीतरी आजारी पडतं, मग औषधाचा खर्च वेगळा.

म्हणजे दिवसाला दोन ताकिदी फुकट. दिवसाला दोन माणसांवर तुम्ही दया करू शकता, तिसरी तुमच्या पोराच्या ताटातून जाते. त्या बाईला आत सोडलं तर ताकिदीतली एक संपली, आणि अजून दुपारही झालेली नाही. पुढं खरोखरची चूक झाली तर? मला असं एकही भाषण ठाऊक नाही ज्यानं खिडकीच्या आतल्या कारकुनाची आणि बाहेरच्या माणसाची अडचण एकाच वेळी इतकी नीट दाखवली असेल.

शेवट वीस आहेत. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर हो, इथं निवडीनं शेवट बदलतो, भरपूर बदलतो. आणि हसायलाही येतं. एक म्हातारा हातानं काढलेला पासपोर्ट घेऊन येतो, असा देशच जगात नाही. हाकलला तर रागावत नाही, छान, परत येतो म्हणतो. तसला एक तुमच्याकडंही येत असेल, प्रत्येक सेतूसमोर एक असतोच.

एक सावधगिरी. या गेममध्ये मागच्या कुठल्याही दिवसावर परत जाता येतं, दिवसांची यादी समोरच असते. जाऊ नका. चुकून गेममधला तुमचा कारकून तुरुंगात गेला, घर संपलं, तर तो तुमचा शेवट. तो घेऊन दोन दिवस फिरा. वाटलं तर मग पहिल्या दिवसापासून नव्यानं सुरू करा, पण मधूनच नको.

दुसरा 'अंडरटेल', २०१५ चा. टोबी फॉक्सनं केलेला. चित्रं बघून तुम्हाला जुन्या टीव्ही गेमची आठवण येईल, म्हणून नाक मुरडू नका. राक्षसांच्या जगात पडलेलं एक मूल, आणि प्रत्येक राक्षसाशी एकतर लढायचं, नाहीतर बोलून, समजूत काढून सोडून द्यायचं. कुणालाही न मारता अख्खा गेम संपवता येतो. हा मी तुम्हाला औषध म्हणून देतेय. सुरुवातीलाच एक मायाळू आईसारखी राक्षसीण भेटते आणि वाट अडवते. बऱ्याच जणांच्या हातून ती मरते, मग चुटपुट लागून ते सेव्हवर परत येतात, या वेळी तिला वाचवतात आणि खुशाल पुढं निघतात. पुढं एक जण भेटतो आणि तोंडावर सांगतो की मघाशी तू काय केलं होतंस ते मला माहीत आहे. यापुढं काही सांगत नाही. ते वाक्य येईल तेव्हा तुमचा चेहरा बघायला तुमच्या बायकोला शेजारी बसवा, एवढं माझं ऐका.

मोबाइलवर खेळायचं असेल तर 'धिस वॉर ऑफ माइन'. वॉर्साच्या स्टुडिओचा, २०१४ चा. १९९२ ते ९६ साली साराजेव्होला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. तुम्ही सैनिक नाही, पडक्या घरात लपलेली साधी माणसं आहात. रात्री कुणीतरी बाहेर पडून खायला-प्यायला शोधून आणायचं. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात, त्यांच्याकडं औषधं आहेत, अन्न आहे, अडवायची ताकद नाही. घ्यायचं का? घेतलंत तर पोट भरेल, पण तुमचीच माणसं दुसऱ्या दिवशी खचून बसतील. पोलंडनं २०२० साली हा गेम शाळकरी मुलांच्या शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घातला. मन हलकं करायला मात्र हा खेळू नका, सोयाबीनचा भाव पडलेल्या आठवड्यात तर नकोच.

बायकोसाठी 'रेन्स'. राजा व्हायचं, प्रश्न आला की पत्ता डावीकडं किंवा उजवीकडं सरकवायचा. धर्मपीठ, प्रजा, फौज, खजिना हे चारही तोल सांभाळायचे. यातलं काही संपलं तर राजा जातोच, पण काठोकाठ भरलं तरीही जातो. चहा उकळेपर्यंत एक राजा होतो. तुम्ही महिनाभरात एक प्रकरण संपवाल तोवर त्यांची वीस घराणी बुडालेली असतील. ऑडिटला तेवढंच उत्तर पुरे.

आता वडील. त्यांचं एकदम खोडून काढू नका. रमीच्या ॲपपायी शेताचा तुकडा गेलेलं घर मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. बापाच्या पोटात गोळा उठतो तो उगाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तो याच कारणानं. तुमच्या खेळात पैसे लावायचे नसतात, एकदा विकत घेतला की संपलं, हे त्यांना आकड्यात सांगा. किती रुपयांना घेतला ते बिल दाखवा. सेल लागेपर्यंत थांबलात तर आकडा ऐकून ते हसतीलही. आणि गेम पेनड्राइव्हवरून कुणाकडून फुकट उतरवला असेल, तर एकट्या-दुकट्या माणसानं केलेल्या या गेमचे तरी पैसे द्या. तुमच्या दुकानातून कुणी फॉर्म भरून पैसे न देता गेलं तर तुम्ही त्याला काय म्हणता ते मला ठाऊक आहे.

पण नुसतं बिल दाखवून काम होणार नाही. एक रविवार दुकान लवकर बंद करा, लॅपटॉप ओसरीवर आणा आणि 'पेपर्स, प्लीज' लावून वडिलांना शेजारी बसवा. तुम्ही म्हणाल, गेम इंग्रजीत, त्यांना काय कळणार? तुम्ही वाचून आपल्या बोलीत सांगायचं, जसं गिऱ्हाइकाला जीआर समजावून सांगता तसं. "दादा, हा बघा, तारीख उलटून गेलीय, पण म्हणतो लेकीला भेटायचंय. काय करू?" शिक्का कुठला मारायचा ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही नुसता माऊस धरायचा.

जन्मभर तलाठ्याच्या, तहसीलच्या, बँकेच्या खिडकीबाहेर उभा राहिलेला माणूस एकदा खिडकीच्या आत बसेल. पीक विम्याचा कागद कितींदा परत आला ते त्यांना तोंडपाठ असेल. सुरुवातीला ते सगळ्यांनाच सोडून देतील, मला खात्री आहे. मग यंत्र खरखरेल, पैसे कापले जातील, रात्री शेगडी पेटणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते चष्मा पुसून पासपोर्टवरची तारीख बघायला लागतील.

आणि बापानं एकदा "मार" म्हटल्यावर तुम्ही मागं कसे जाणार? त्यांच्यादेखत पेनड्राइव्ह काढाल? ते विचारतील, "अरे, ती बाई तर आत गेली ना? मग परत कशी आली रांगेत?" काय सांगाल?

पाचव्या दिवशी ती परवाना नसलेली बाई येईल. दादांनी कुठला शिक्का मारला, तेवढं मला कळवा.